उजव्या बाजूची शीट

गाडी माझ्या नावावर आहे आणि किल्ली बाबांच्या उशाखाली. माझी मालकी ती एवढीच. रोह्यासारख्या गावात अमेरिकन स्पोर्ट्स कार ठेवतो म्हणजे माणूस शौकीन असणार, असं लोकांना वाटतं. कसला शौकीन! धाटावच्या एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट करून घरी बसलेला मी साधा ऑपरेटर. मला विचाराल तर उन्हाळ्यात एसी चालणारी, पावसात सुरू होणारी आणि कुठल्याही टपरीवर दुरुस्त होणारी गाडी ही जगातली सगळ्यात सुंदर गाडी. आमची यातलं एकही करत नाही.

कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की फोन येतात. पुण्याहून येतात, नाशिकहून येतात, एकदा तर थेट चंदीगडहून आला. सगळ्यांचं एकच, 'अंकल, विकायची आहे का?' आणि रस्त्यात कुठे थांबलं की दुसरा प्रश्न ठरलेला, 'ॲव्हरेज किती देते?' एकदा नागोठण्याच्या पेट्रोलपंपावर मी वैतागून म्हणालो, 'ही देत नाही रे बाबा, ही फक्त घेते.' तरी तो पठ्ठ्या तिच्या बॉनेटला टेकून फोटो काढून गेलाच.

बाबा मूळचे पेणजवळच्या खाडीकाठचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. मीठ ओढायचं नाही एवढं ठरवून ते मुंबईला एका गॅरेजात शिकले आणि तिथून आखातात गेले. तिथे तेलाच्या कंपनीत एक अमेरिकन इंजिनीअर होता. त्याला आपल्या गाडीला फक्त बाबांनीच हात लावलेला चालायचा. नोकरी संपवून तो मायदेशी गेला तेव्हा ही गाडी बाबांना देऊन गेला. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे विकून येताना टेपरेकॉर्डर आणि सोनं घेऊन आला असता. आमच्या बाबांनी गाडी बोटीत घातली. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या आळीत धड बैलगाडी वळायची नाही, आणि तिथे ही लांब नाकाची, दोन दारांची, डाळिंबी रंगाची बया येऊन उभी राहिली. मागच्या शीटवर एक दप्तर मावायचं आणि दप्तराला चिकटून मी.

आणि स्टीअरिंग डावीकडे. सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

आपल्याकडे डावीकडे बसून गाडी चालवली तर पुढचा ट्रक ओलांडताना समोरून काय येतंय ते दिसत नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्याला. म्हणजे ही गाडी एकट्या माणसाची नाहीच. एकानं चालवायची, एकानं बघायचं. आमच्या घरात बघायची ती आई.

आईला सायकलसुद्धा येत नव्हती. पण त्या शीटवर बसली की तिचा नूर बदलायचा. पदर खोचलेला, एक हात दरवाजावर, मान खिडकीकडे. बाबा ट्रकच्या मागून गाडी थोडी बाहेर काढायचे आणि विचारायचे, "काय गो, हाय का कोन?" तिचे शब्द तीनच. "जावा." "ऱ्हावा." आणि तिसरा, "नाय दिसत." वळण असलं, धूळ असली, ट्रकमधून माल बाहेर आलेला असला की ती सरळ सांगायची, नाय दिसत. त्यात तिला कमीपणा वाटायचा नाही. बाबा मुकाट मागे राहायचे. एरवी या माणसानं आईचं काही म्हणून ऐकलं नाही. घराला रंग कुठला द्यायचा यावरून आठ-आठ दिवस अबोला. पण त्या शीटवरून आलेल्या शब्दाला बाबांनी एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही.

मला ती शीट हवी होती. लहानपणापासून हवी होती. मिळाली ती एकोणिसाव्या वर्षी, एकदाच.

आई तिच्या माहेरी, पेणला गेली होती. तिला आणायला बाबा आणि मी निघालो. श्रावणातला पाऊस. कोलाडच्या पुढे एका ट्रकच्या मागे अडकलो. बाबांनी गाडी बाहेर काढली आणि विचारलं, "काय रे, हाय का कोन?" मी पाहिलं. काचेवर नुसतं पाणी. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आईनं पटकन सांगून टाकलं असतं. पण एकोणीस वर्षांचा मी! बापाच्या शेजारी पहिल्यांदा मोठ्या माणसासारखा बसलेला. दिसत नाही म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "जावा."

समोरून एसटी आली. बाबांनी ब्रेक दाबून गाडी ट्रकच्या मागून डावीकडे उतरवली ती थेट भाताच्या खाचरात. एसटी आमच्या आरशाला चाटून गेली. मला आजही तिचा लाल रंग डोळ्यासमोर दिसतो, बाकी काही आठवत नाही. शेतकऱ्यानं बैलजोडी लावून गाडी काढून दिली. बाबा ओरडले नाहीत, हात उचलला नाही. पेणला पोचल्यावर आईला शीटवर बसवलं आणि मला एवढंच म्हणाले, "तू मागं बस."

पस्तीस वर्षं झाली. त्या शीटवर मिस्त्री बसला, शेजारचे गुरुजी बसले, एकदा तर लिफ्ट मागणारा कोण कुठला पोलीस बसला. मी नाही. मी चिडायचो, बोलायचो, दोन-तीनदा तर जेवणाचं ताट सारून उठलो. बाबा ढिम्म. आईला मध्ये घातलं तर ती म्हणायची, "जाव दे रं, त्यांचा सोभावच तसा." एखादा माणूस एक चूक किती वर्षं धरून बसतो!

आई गेली त्याला आता चार वर्षं होतील. त्या दिवसापासून गाडीवर निळी ताडपत्री. बाबा रस्त्यावर गाडी घेऊन एकदाही गेले नाहीत. फक्त शनिवारी सकाळी ताडपत्री काढायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, शेजाऱ्यांच्या खिडक्या हादरवायच्या आणि पुन्हा झाकायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दोन वर्षांपूर्वी लायसन संपलं. नवं करायला डोळ्यांचा दाखला लागतो म्हटल्यावर त्यांनी फॉर्म भिरकावून दिला. "मला काय करायचंय लायसन?" म्हणाले. गाडी माझ्या नावावर केली, किल्ली मात्र उशाखाली. मी म्हटलं, आहे, हट्टच आहे म्हाताऱ्याचा.

यंदा पासिंग आलं. जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी पेणच्या आरटीओत पासिंग करावं लागतं. गाडी तिथे नेऊन उभी करायची, साहेब बघतात, मग ती रस्त्यावर चालवता येते. नाही केलं तर ती नुसती लोखंडाची पेटी. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो. चंदीगडवाल्याचा नंबर शोधायला मी फोन हातात घेतला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"शनिवारी गाडी सुरू करायची असते म्हणून तरी ते उठतात," ती म्हणाली. "ती गेली की कशाला उठतील?"

मी फोन खाली ठेवला. रात्रंदिवस तेच डोक्यात. गाडी पास झाली नाही तर बाबा कॉटवरून उठायचे नाहीत, हे तिला दिसत होतं आणि आता मलाही दिसायला लागलं. मी बाबांना म्हणालो, "करून आणतो पासिंग. टेम्पोत चढवून पेणला नेतो."

"टेम्पोत?" बाबा उठून बसले. "ती म्हैस हाय काय टेम्पोत घालायला? पेनला गेली तं सोताच्या चाकांवर जाईल. नायतं नको."

म्हणजे झालं! आधीच हौस, त्यात अट.

मग सुरू झाले माझे हाल. रोह्यात मिस्त्री एकच, बाबांचा जुना चेला, मोहल्ल्यातला. स्वतःही बारा वर्षं आखातात काढलेला आणि बाबांना 'उस्ताद' म्हणणारा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आताचं पेट्रोल हिला चालत नाय. इथेनॉल हाय त्यात. रबर खातं." पेट्रोलचे सगळे पाइप फुगून मऊ झाले होते, बोट लावलं की शेवया. ते बदलायचे तर नट खोलायला हवेत, आणि नट सगळे इंची मापाचे. आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे. मिस्त्रीचे इंची पाने पुरात वाहून गेलेले. जवळपास बसतो म्हणून दुसरा पाना लावला तर नट गोल झाला आणि पाना हातात फिरायला लागला. एक नट काढायला आम्हाला दीड दिवस लागला. वॉटर पंप परदेशातून मागवला. सहा आठवड्यांनी आला, तो भलत्याच इंजिनाचा. परत पाठवायचा म्हटलं तर पाठवणाऱ्यानं उत्तर दिलं की पंप बरोबर आहे, तुमची गाडी कुठल्या वर्षाची ते नीट बघा. म्हणजे चूक गाडीची! शेवटी जुन्याच पंपाला मिस्त्रीनं अलिबागच्या लेथवरून नवं बुश कातून आणून बसवलं.

बाबा रोज खुर्ची टाकून बसायचे. नट हातात घेतला की बोटांनी चाचपून सांगायचे, "यो कार्बोरेटरचा, तो तिकडं ठेव." मिस्त्री कौतुकानं माझ्याकडे बघायचा. "उस्तादला बघावं पन लागत नाय!" मलाही तेव्हा त्या म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. काय अक्कल होती माझी.

गाडी चालू झाली तसा खरा प्रश्न पुढे आला, नेणार कोण? बाबांकडे लायसन नाही. मिस्त्रीला जीप-टेम्पो येतात, पण डाव्या स्टीअरिंगला तो हात जोडतो. उरलो मी. दोन दिवस गाडी ताडपत्रीखालीच राहिली. तिसऱ्या दिवशी उशाखालून किल्ली काढून पुढे केली. "चल. शिकवतो."

शिकवणी नदीपलीकडच्या मैदानात झाली. मी गाडीत, बाबा मैदानाच्या कडेला खुर्चीत, आणि तेही माझ्याकडे पाठ करून! मी गोल-गोल फिरतोय आणि हा माणूस उलट्या तोंडानं ओरडतोय, "तिसरा लवकर टाकलास! क्लच पूर्न दाब!" मला इतका राग आला. चोपन्न वर्षांचा बाप्या मी, माझ्याकडे बघायचीसुद्धा यांची तयारी नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, "माझं तोंड बघवत नाही त्यांना." ती म्हणाली, "तुम्हीही त्यांचं तोंड कधी बघता?" मी चिडून बाहेर गेलो. तिच्या बोलण्याचा अर्थ मला पुढे पंधरा दिवसांनी कळला.

पासिंगच्या दिवशी मिस्त्री पहाटेच्या एसटीनं पुढे गेला, पेणला रांगेत नंबर धरायला. साहेब दुपारी जेवायला उठले की गाड्या बघत नाहीत, त्याआधी पोचायचं. मागच्या शीटवर बाबांचे गुडघे मावणार नव्हते. ते स्वतःच उजवीकडे आले, दरवाजा चाचपून उघडला आणि आईच्या शीटवर बसले. खिशातून रुमाल काढून समोरचा डॅशबोर्ड पुसला. आईनं पेणहून आणलेला बोटभर गणपती तिथे चिकटवलेला आहे, त्याच्यावरची धूळ अंगठ्यानं काढली. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात गाडी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करण्यात ते राहून गेलं.

भिसे खिंडीचा चढ नको म्हणून कोलाडवरून गेलो. रस्त्याबद्दल मी काय सांगणार! हा हायवे गेली कित्येक वर्षं तयार होतोय. कधी डावी बाजू बंद, कधी उजवी, कुठे पूल आहे पण पुलाला रस्ता नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासायचा आणि बाबा तोंडातल्या तोंडात अमेरिकन शिव्या द्यायचे. ज्या जागी एसटी आली होती तिथे आता गाड्यांचं शोरूम झालंय. दोघांपैकी कोणी तिकडे बघितलं नाही. निदान मी तरी नाही.

नागोठणं सोडलं आणि पेंढ्याचा टेम्पो आडवा आला. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला पेंढा, वर माणूस झोपलेला, आणि वेग असा की चालणारा पुढे जाईल. एक बाजू खोदलेली, उरलेल्या एकाच बाजूवर दोन्हीकडची वाहतूक. पाच मिनिटं मागे राहिलो. दहा मिनिटं. ही गाडी हळू चालवली की तापते. काट्यानं दोनशेचा आकडा ओलांडला. तिकडचा काटा फॅरेनहाइटमध्ये, पण एवढ्या वर्षांत मला तो पाठ झालाय. दोनशे वीसच्या पुढे गेला की पाणी उकळून बाहेर येतं आणि मग दिवस संपला. मागे एक ट्रकवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. घड्याळात साडेअकरा.

मी गाडी थोडी बाहेर काढली. माझ्या तोंडून बाबांचेच शब्द आले. "काय बाबा, हाय का कोन?"

उत्तर नाही. मी परत आत आलो. पुन्हा बाहेर काढली. "बाबा, बघा ना! हाय का कोन?"

काहीच नाही. मला वाटलं, झालं सुरू. माझ्या हातात गाडी दिली खरी, पण माझ्यासाठी एक शब्द उच्चारायचा नाही. "अहो, हां म्हणा नाहीतर नाय म्हणा!" मी ओरडलो. "काटा बघा कुठे गेलाय! उकळणार ती आता. तुम्हालाच पाहिजे होतं ना पासिंग? मग बोला की! पस्तीस वर्षं झाली बाबा, अजून किती शिक्षा करणार मला?"

बाबांनी दरवाजावरचा हात खाली घेतला.

"नाय दिसत," ते म्हणाले.

"थांबा, पेंढा आड येतोय. अजून जरा बाहेर काढतो, मग बघा."

"पेंढ्याचं नाय रं. मनाच दिसत नाय. उजव्या डोल्यानं कायच नाय, डाव्यानं धुरकट. दोन-अडीच वर्सं झाली."

मी गाडी कडेला घेतली. कशी घेतली ते मला माहीत नाही. ट्रकवाला शिवी घालून पुढे गेला. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, आणि त्या वाफेसमोर मी वेड्यासारखा उभा राहिलो. नट चाचपणारी बोटं. भिरकावलेला फॉर्म. मैदानात माझ्याकडे केलेली पाठ. अरे, तो माणूस कान देत होता! त्याला दिसत नव्हतं म्हणून तो कानानं माझे गिअर ऐकत होता, आणि मी घरी येऊन बायकोपुढे तोंडसुख घेतलं. एका घरात राहतो आम्ही. मी त्यांना रोज चहाचा कप देतो.

राग मात्र गेला नव्हता. उलट वाढला. खिडकीशी जाऊन मी म्हणालो, "दोन-अडीच वर्षं! सांगितलं का नाहीत?"

"सांगून? तू गाडी इकली असतीस."

विकली असती. खरंच विकली असती, त्याच आठवड्यात.

"डॉक्टरकडे नेलं असतं की!"

"गेल्तो. मिस्त्रीच्या संगं. डाक्टर बोल्ला, आता काय होनार नाय, उशीर झाला." मिस्त्रीलासुद्धा माहीत होतं म्हणजे. 'उस्तादला बघावं पन लागत नाय' म्हणताना तो माझ्याकडे कशाला बघत होता ते आत्ता कळलं.

रस्त्याकडेला एक बाई कलिंगडाच्या फोडी विकत होती. तिच्याकडून पाण्याचा कॅन घेतला. रेडिएटर थंड व्हायला वेळ लागणार होता. मी उजव्या बाजूच्या दारापाशी जमिनीवरच उकिडवा बसलो. बाबा शीटवर, मी खाली. बोलायचं नव्हतं, पण आलं तोंडात.

"त्या दिवशी मलाही दिसलं नव्हतं," मी म्हणालो. "कोलाडला. काचेवर पाणी होतं नुसतं. तरी मी जावा म्हणालो."

"म्हाईत हाय मना."

"माहीत आहे?"

"दिसंल कसं तुला? तुझ्या बाजूचा वायपर तुटलेला. मनाच बसवाया नाय मिलला." बाबा समोर बघत बोलत होते, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं तिकडे. "चूक माझी पन व्हती. पन तू लाजलास. ती लाज मना दिसली. त्या शीटवर दिसत नसंल तं नाय दिसत बोलाया पायजे. तुझी आय बोलायची. तिच्या जिवावर तं मी गाडी हाकली."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतंत! पस्तीस वर्षं मी मागे बसलो."

बाबांनी रुमालानं मान पुसली. "मनापन लाजच वाटली," म्हणाले. "वायपरची."

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. एका तुटलेल्या वायपरसाठी! दोघं आपापली लाज धरून बसलो आणि मध्ये आई तीन शब्दांवर संसार हाकत राहिली. कलिंगडवालीनं काही न विचारता दोन फोडी आणून दिल्या. त्या खाल्ल्या. कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं, बॉनेट लावलं.

पुढे तोच पेंढ्याचा टेम्पो पुन्हा मिळाला, तो थेट वडखळपर्यंत. तो चहाला थांबला असणार. मी त्याच्या मागे गाडी लावली ती लावली. काटा चढला की कडेला घेऊन थांबायचं, उतरला की निघायचं. मागचे सगळे हॉर्न मारत होते. अलिबागला निघालेल्या पोरांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, 'अंकल, इतनी बड़ी गाड़ी, चलती क्यूँ नहीं?' मधूनमधून बाबा मान उजवीकडे वळवायचे, आई वळवायची तशी, आणि म्हणायचे, "नाय दिसत." मी म्हणायचो, "बरं." चौदा-पंधरा वेळा तरी झालं असेल. मी एकदाही गाडी बाहेर काढली नाही.

पेणला पोचलो तेव्हा साहेब जेवायला उठत होते. मिस्त्रीनं त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं, कुठल्या तरी आखाती गाडीची गोष्ट सांगत. त्यानं बाबांना माझ्या हाताला धरून उतरताना पाहिलं आणि मला कळलंय ते त्याच्या लक्षात आलं. तो नुसता खाली बघायला लागला. त्याच्याशी भांडायचं मी नंतरसाठी ठेवलं.

साहेब पंचविशीतले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, ॲव्हरेज किती देते ते विचारलं, मग दिवे लावायला सांगितले. दिव्यांतच अडलं. तिकडच्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून हिच्या दिव्यांचा झोत थोडा उजवीकडे पडतो, आपल्याकडे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. इतकी वर्षं कोणी बघितलं नव्हतं, यांनी बघितलं. "झोत डावीकडे फिरवून आणा," म्हणाले. "गुरुवारी या."

एरवी मी तिथेच आरटीओचं छप्पर डोक्यावर घेतलं असतं. सहा तास, वाटेत उकळलेली गाडी, आणि म्हणे गुरुवारी या! पण मी बाबांना पुन्हा उजव्या शीटवर बसवलं आणि आत बसून दिवे बंद केले. साहेब कागद उजव्या खिडकीतून बाबांच्या हातात द्यायला गेले. सगळेच जातात, उजवीकडचा तो ड्रायव्हर असं समजून. बाबांनी हात पुढे केला तो कागदाच्या बाजूला.

"आजोबा, गाडी तुम्ही चालवता?" साहेबांनी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "यो चालवतो."

"मग तुम्ही?"

"मी बसतो. दिसत नाय ते सांगाया."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी कागद वळसा घालून माझ्याकडे आणून दिला आणि जेवायला गेले.